कवडीचे दान आणि गंगेचा पूर

काशीच्या दशाश्वमेध घाटापासून नदीच्या काठाने दक्षिणेकडे चालू लागले, की शीतला घाट आणि अहल्याबाई घाट ओलांडल्यावर मुन्शी घाट लागतो. नागपूरच्या राज्यातील एक मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. उन्हाळ्यात नदी खाली गेलेली असते आणि दगडी पायऱ्यांची उतरण उघडी पडते. श्रावण-भाद्रपदात त्याच पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात. संभाव्यता म्हणजे काय आणि ती मोजावी कशी, हे समजून घेण्यास या पायऱ्या सोयीच्या आहेत. तेथे मनुष्य दान टाकू शकतो आणि नदीही आपले दान टाकीत असते.

सावलीच्या एका पायरीवर दोन खेळाडू पट मांडून बसले आहेत, अशी कल्पना करावी. त्यांच्या हाती पाच कवड्या आहेत. कवडीची फट वर आली तर ती उताणी पडली असे म्हणतात, पाठ वर आली तर ती पालथी पडली. किती कवड्या उताण्या पडल्या त्यावरून दान ठरते. पाचही उताण्या पडल्या तर सर्वांत मोठे दान मिळावे, असे दोघांनी ठरविले आहे. हे मोठे दान कितपत दुर्मीळ आहे? त्याला किती मोल द्यावे म्हणजे खेळ दोघांनाही न्याय्य ठरेल?

कवडी नाण्यासारखी नाही

नाण्याविषयी असा प्रश्न विचारला असता उत्तर देणे सोपे वाटते. नाण्याला छाप आणि काटा अशा दोनच बाजू असतात आणि एका बाजूने पडण्यास दुसरीपेक्षा अधिक कारण दिसत नाही. म्हणून छाप पडण्याची संभाव्यता १/२ मानली जाते. सहा सारख्या बाजू असलेल्या फाशाविषयीही असाच युक्तिवाद करून प्रत्येक बाजूला १/६ ही संभाव्यता दिली जाते. या पद्धतीत एकदाही नाणे उडवावे लागत नाही की फासा टाकावा लागत नाही. वस्तूच्या समप्रमाण आकारावरूनच उत्तर निघते.

कवडीला हा युक्तिवाद लागू पडत नाही. तिची एक बाजू फुगीर आहे, दुसरी चपटी असून तिच्यात दातेरी फट आहे. दोन शक्यता आहेत एवढ्यावरून त्या समान ठरत नाहीत. आकाशातून उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही याही दोनच शक्यता आहेत, परंतु त्यामुळे चैत्रातल्या पावसाची संभाव्यता निम्मी होत नाही. कवडीचे वजन कोठे एकवटले आहे, पृष्ठभाग किती खडबडीत आहे, ती किती उंचीवरून पडते, या सर्वांचा हिशोब मांडून उत्तर काढणे जवळजवळ अशक्य आहे. मग एकच मार्ग उरतो. कवडी पुन्हा पुन्हा टाकून पाहावी आणि मोजावे.

भारतीयांना हा मार्ग अगदी अपरिचित नव्हता. प्राचीन काळी द्यूतासाठी बेहड्याची फळे वापरीत, आणि त्यांच्याही आकारात फाशासारखा नेमकेपणा नव्हता. महाभारतातील नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण रथातून जाताना बेहड्याच्या वृक्षावरील पानांची व फळांची संख्या सांगतो आणि नल ती मोजून पडताळतो. अक्षविद्या व गणनविद्या या दोन्ही त्या कथेत एकाच राजाच्या ठायी आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

गणती कशी करावी

एखादी कृती त्याच परिस्थितीत पुन्हा पुन्हा केली, तर तीतील प्रत्येक खेपेला चाचणी म्हणतात. ज्या फलिताकडे लक्ष ठेवायचे ते म्हणजे घटना. घटना जितक्या वेळा घडली त्या संख्येला चाचण्यांच्या एकूण संख्येने भागले असता जो अपूर्णांक मिळतो, तो त्या घटनेची सापेक्ष वारंवारता होय. चाचण्या पुष्कळ झाल्या म्हणजे याच अपूर्णांकाला त्या घटनेची प्रायोगिक संभाव्यता म्हणून स्वीकारतात.

समजा, एकच कवडी घेऊन ती एका ठरावीक उंचीवरून, एकाच सतरंजीवर, हजार वेळा टाकली आणि नोंद पुढीलप्रमाणे झाली. हे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. दुसरी कवडी निराळे आकडे देईल.

१० फेकी: उताणी ६ वेळा, वारंवारता ०.६०
५० फेकी: उताणी २३ वेळा, वारंवारता ०.४६
१०० फेकी: उताणी ४१ वेळा, वारंवारता ०.४१
५०० फेकी: उताणी २११ वेळा, वारंवारता ०.४२२
१००० फेकी: उताणी ४०७ वेळा, वारंवारता ०.४०७

पहिल्या दहा फेकींवर जो विसंबेल, तो कवडी बहुधा उताणीच पडते असे म्हणेल. हजार फेकी पाहणाऱ्याचे मत नेमके उलट होईल. आरंभी वारंवारता मोठे हेलकावे घेते. चाचण्या वाढत जातात तसे हेलकावे लहान होत जातात आणि ती एका मूल्याच्या आसपास स्थिरावू लागते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. वारंवारता स्थिरावते याचा अर्थ आरंभीची तूट किंवा वाढ कवडी पुढे भरून काढते, असा नाही. या कवडीची खरी संभाव्यता ०.४० आहे असे धरले, तर दहा फेकींत चार वेळा उताणी पडणे अपेक्षित होते, ती सहा वेळा पडली. म्हणजे दोन अधिक. हजार फेकींत चारशे वेळा अपेक्षित असताना ती ४०७ वेळा पडली, म्हणजे सात अधिक. संख्येतील फरक कमी झाला नाही, उलट वाढला. परंतु दहामध्ये दोन म्हणजे ०.२ आणि हजारात सात म्हणजे केवळ ०.००७. जुनी चूक कोणी दुरुस्त करीत नाही. नव्या फेकींच्या गर्दीत ती नगण्य होत जाते.

किती फेकी पुरेत?

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गणितज्ञ याकोब बर्नुली याने या प्रश्नाचा प्रथम काटेकोर विचार केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचण्यांची संख्या पुरेशी वाढविली तर वारंवारता आणि खरी संभाव्यता यांतील अंतर ठरविलेल्या मर्यादेबाहेर जाण्याचा संभव हवा तितका कमी करता येतो, हे त्याने सिद्ध केले. तीन पांढऱ्या खड्यांमागे दोन काळे खडे असलेल्या एका कुंभाचे उदाहरण घेऊन त्याने हिशोब मांडला. अपेक्षित प्रमाणापासून एक पन्नासांशापेक्षा अधिक चूक होणार नाही, अशी हजारास एक या पैजेइतकी खात्री हवी असेल तर त्याच्या हिशोबाने २५,५५० वेळा खडा काढावयास हवा होता. पुढील गणितज्ञांनी ही संख्या बरीच खाली आणली, तरी तिचा बोध कायम राहिला. खात्री स्वस्तात मिळत नाही.

आज हा हिशोब एका सोप्या नियमाने करता येतो. वारंवारतेत संभवणारी चूक चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. चूक निम्मी करावयाची तर चाचण्या चौपट कराव्या लागतात, एक दशांश करावयाची तर शंभरपट. वरील कवडीच्या बाबतीत शंभर फेकींनंतर सुमारे ०.१० इतकी चूक इकडे किंवा तिकडे असू शकते. हजार फेकींनंतर ती सुमारे ०.०३ होते आणि दहा हजार फेकींनंतर सुमारे ०.०१. म्हणून हजार फेकी टाकणाऱ्याने ‘संभाव्यता ०.४०७ आहे’ असे न म्हणता ‘ती बहुधा ०.३८ ते ०.४४ च्या दरम्यान आहे’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आता खेळाडूंच्या प्रश्नाकडे वळता येईल. पाचही कवड्या सारख्या असतील आणि एकीच्या पडण्याचा दुसरीवर परिणाम होत नसेल, तर पाचही उताण्या पडण्याची संभाव्यता काढण्यासाठी एकीची संभाव्यता पाच वेळा परस्परांनी गुणावी लागते. एकीची संभाव्यता निम्मी धरली तर उत्तर १/३२ येते. ती ०.४० धरली तर उत्तर ०.०१०२४ येते, म्हणजे सुमारे ९८ फेकींत एकदा. निम्मे आणि चार दशांश यांतील अंतर लहान दिसते, परंतु मोठे दान त्यामुळे तिपटीने दुर्मीळ होते. कवडी नाण्यासारखीच आहे असे गृहीत धरून ज्याने मोठ्या दानाचे मोल ठरविले, त्याने नकळत एका खेळाडूवर अन्याय केला.

नाणे आणि फासा यांचीही परीक्षा

समप्रमाण आकारावरून काढलेले उत्तरही एक गृहीतच असते. त्याची परीक्षा मोजणीनेच होऊ शकते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याच्या प्रयोगात ४,०४० वेळा नाणे उडविले असता २,०४८ वेळा छाप पडला. इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन याच्या नोंदीत २४,००० फेकींत १२,०१२ छाप आढळले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेला गणितज्ञ जॉन केरिच याने १०,००० वेळा नाणे उडविले आणि ५,०६७ छाप मोजले. नाण्यांनी गृहीताला पुष्टी दिली.

फाशांनी मात्र तसे केले नाही. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारा फाशांचा एक संच २६,३०६ वेळा टाकून पाच किंवा सहा किती वेळा पडतात ते मोजले. एकूण ३,१५,६७२ फाशांपैकी एक तृतीयांश, म्हणजे १,०५,२२४ वेळा ही घटना अपेक्षित होती. ती १,०६,६०२ वेळा घडली. वारंवारता ०.३३३३ ऐवजी ०.३३७७ आली. हा फरक डोळ्यांना दिसणारा नाही, परंतु एवढ्या चाचण्यांत तो केवळ योगायोगाने पडावा हे जवळजवळ अशक्य आहे. फाशावरील ठिपके कोरलेले असल्यामुळे पाच व सहा या बाजू किंचित हलक्या होऊन वर येतात, असे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते. शंभर किंवा हजार फेकींत ही खोट कधीच उघडकीस आली नसती.

गृहीताची अशी परीक्षा घेणारे एक नाव काशीशीही निगडित आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हार्वर्डहून परतल्यावर १९३० च्या सुमारास काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकविले. पुढे पुण्यास असताना त्यांनी हजारो नाणी वजन करून पाहिली. चलनातील नाणे हातोहात फिरून झिजते. परंतु एका नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. नाण्यांच्या मोठ्या समूहाचे सरासरी वजन काळाबरोबर घटते आणि वजनांतील विखुरणे वाढते, हे मोजणीतून दिसते. या निष्कर्षाचा उपयोग त्यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या अभ्यासासाठी केला. १९५८ मध्ये एका सहकाऱ्यासह त्यांनी पत्ते पिसण्याच्या क्रियेचीही कसोटी घेतली. पत्ते पिसले म्हणजे ते पुरते मिसळले, ही समजूत त्यांनी तपासावयास घेतली होती.

वर्षातून एकदाच पडणारे दान

आतापर्यंत चाचण्या मनुष्याच्या हाती होत्या. कवडी हवी तितक्या वेळा टाकता येते. घाटावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र निराळा आहे. यंदा गंगेचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढेल? नावा कोठे बांधाव्यात, दुकानातील माल कधी हलवावा, घरातील धान्य कोणत्या मजल्यावर ठेवावे, हे सर्व या उत्तरावर अवलंबून असते. आणि ही चाचणी वर्षातून एकदाच होते.

वाराणसी येथे नदीची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर अशी निश्चित केलेली आहे. १९७८ च्या सप्टेंबर महिन्यात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अलीकडच्या काळात २०१३, २०१६ आणि २०२१ या वर्षीही धोक्याची पातळी ओलांडली गेली. अशा वेळी घाटांना जोडणारी वाट पाण्याखाली जाते आणि गंगेची आरती घरांच्या गच्चीवर न्यावी लागते.

कवडीचा नियम येथेही लावता येतो. जितक्या वर्षी पाणी विशिष्ट पायरीवर आले त्या संख्येला नोंद असलेल्या एकूण वर्षांनी भागावे. परंतु दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली अशी की, मागील वर्षी मोठा पूर येऊन गेला म्हणून यंदा तो येणार नाही, असे मानणे चुकीचे आहे. कवडीला मागील फेक आठवत नाही आणि पावसाळ्यालाही मागील पावसाळ्याचे देणे फेडावयाचे नसते. दहा वर्षांतून एकदा येणारा पूर याचा अर्थ दर दहाव्या वर्षी येणारा पूर, असा नाही. दरवर्षी त्याची संभाव्यता १/१० आहे, इतकाच त्याचा अर्थ. त्या हिशोबाने दहा वर्षांत तो एकदाही न येण्याची संभाव्यता सुमारे ०.३५ आहे, आणि लागोपाठच्या दोन वर्षी येणेही मुळीच अशक्य नाही.

दुसरी गोष्ट अशी की, सर्व चाचण्या एकाच परिस्थितीत व्हाव्यात ही अट नदी पाळीत नाही. वाराणसीस येणाऱ्या पाण्यात हिमालयातून येणाऱ्या गंगेच्या प्रवाहाबरोबरच चंबळ, बेतवा, केन या नद्यांनी यमुनेत आणून सोडलेले पाणीही असते. धरणे बांधली जातात, पावसाचे मान बदलते, काठावर बांधकामे होतात. अर्धी गणती झाल्यावर कोणी कवडी बदलावी, तसेच हे आहे. म्हणून जुनी नोंद टाकून द्यावयाची नसली, तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबताही येत नाही.

शून्याचा अर्थ

सर्वांत घातक चूक शून्याच्या बाबतीत होते. समजा, एखाद्या नावाड्याची खोली घाटाच्या वरच्या अंगास आहे आणि गेल्या ३० वर्षांत तेथे एकदाही पाणी शिरलेले नाही. सापेक्ष वारंवारता ०/३०, म्हणजे शून्य आहे. म्हणून संभाव्यताही शून्य आहे काय?

याचे उत्तर उलट दिशेने शोधावे लागते. पाणी शिरण्याची खरी संभाव्यता दरवर्षी १/३० असती, तर ३० वर्षे कोरडी जाण्याचा संभव किती असता? २९/३० हा अपूर्णांक तीस वेळा परस्परांनी गुणला असता सुमारे ०.३६ मिळतात. म्हणजे अशा शंभर खोल्यांपैकी सुमारे ३६ खोल्यांची नोंद योगायोगानेच निष्कलंक राहिली असती. संभाव्यता १/१० असती तर मात्र असा संभव सुमारे ०.०४ इतकाच उरतो. तेव्हा ३० कोरड्या वर्षांवरून एवढेच म्हणता येते की संभाव्यता बहुधा १/१० पेक्षा कमी आहे. ती शून्य आहे असे म्हणण्यास आधार नाही. एक सुलभ नियम असा आहे: अमुक इतक्या चाचण्यांत घटना एकदाही घडली नसेल, तर तीनला त्या संख्येने भागावे. येणारे उत्तर ही संभाव्यतेची वरची मर्यादा धरावी. ३० वर्षांसाठी ती ३/३०, म्हणजे १/१० येते.

पुढचा हिशोबही विचार करावयास लावणारा आहे. खरी संभाव्यता १/१०० इतकी लहान असली, तरी पुढील ३० वर्षांत निदान एकदा पाणी शिरण्याची संभाव्यता सुमारे ०.२६ आहे. एका पिढीच्या आयुष्यात चारांत एक अशी ही शक्यता आहे. ती कोणीही दुर्लक्षणीय मानणार नाही.

महाराष्ट्रालाही हा धडा मिळालेला आहे. सांगली-कोल्हापूर भागात २००५ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांना मोठा पूर आला. त्या पुराची खूण म्हणजे पाण्याची कमाल मर्यादा, असे ज्यांनी मनाशी धरले त्यांचा अंदाज २०१९ च्या ऑगस्टमध्ये चुकला. पाणी सांगलीस त्या खुणेच्याही वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. नोंदीतील सर्वांत मोठा पूर म्हणजे संभवणारा सर्वांत मोठा पूर नव्हे. तो केवळ आतापर्यंत पडलेल्या दानांपैकी मोठे दान आहे.

यावर उपाय गणती सोडून देणे हा नसून गणती वाढविणे हा आहे. स्वतःच्या आठवणीतील वर्षांना वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील वर्षे जोडावीत. जुन्या भिंतींवर पुराच्या खुणा असतील तर त्यांची उंची मोजावी. नदीच्या पातळीच्या सरकारी नोंदी पाहाव्यात आणि शेजारच्या घाटांवरील अनुभवही लक्षात घ्यावा. चाचण्या वाढविता येत नसतील, तर निदान आपल्या अज्ञानाची मर्यादा ओळखून माल एक मजला वर ठेवावा.

करून पाहण्यासाठी

१. एक कवडी घ्यावी. ती न मिळाल्यास चिंचोका मधोमध फोडून त्याची एक फाक घ्यावी. एकाच उंचीवरून ती २०० वेळा टाकावी आणि दर २० फेकींनंतर सापेक्ष वारंवारता लिहून ठेवावी. हेलकावे कोठे लहान होऊ लागतात ते पाहावे.

२. घरातील पाच जणांनी हाच प्रयोग स्वतंत्रपणे करावा. पाचही उत्तरांतील अंतर तपासावे आणि नंतर सर्व १००० फेकी एकत्र करून वारंवारता काढावी.

३. कठीण फरशी व जाड सतरंजी यांवर प्रत्येकी २०० फेकी टाकाव्यात. दोन उत्तरांतील फरक सुमारे ०.१० पेक्षा कमी असेल, तर पृष्ठभागाचा परिणाम सिद्ध झाला असे म्हणू नये.

४. आपल्या गावच्या नदीचे किंवा ओढ्याचे पाणी एखाद्या ओळखीच्या खुणेवर किती वर्षी आले, हे निरनिराळ्या वयाच्या तीन व्यक्तींना विचारावे. नोंदीची एकूण वर्षे किती होतात ते मोजावे आणि उत्तर शून्य आले, तर तीनला त्या वर्षांनी भागून पाहावे.